रसिकसंघाचा कोश : ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहाच्या शब्दव्यवस्थेचे परीक्षण

१

कोणत्याही कोशाचे परीक्षण दोन अंगांनी करता येते. त्यात कोणते शब्द घेतले आहेत हे पाहणे, हे पहिले अंग होय. आणि घेतलेल्या शब्दांत परस्परसंबंध कोणता मानला आहे, कोणास प्रमाण व कोणास पर्याय ठरविले आहे, हे पाहणे, हे दुसरे. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश घ्या किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घ्या. शब्दांची निवड आपण बारकाईने तपासतो, परंतु पर्यायसंबंधांमागे असलेल्या निर्णयांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात ज्या कृतीचे परीक्षण योजिले आहे तिचे सारे सामर्थ्य आणि सारे वैगुण्य या दुसऱ्या अंगातच साठविलेले आहे. ही कृती रूढ अर्थाने कोश नव्हे. ती संगणकावरील एक आज्ञावली आहे, आणि ती हौशी लेखिकांनी स्वतःच्या उपयोगासाठी लिहिलेली आहे.

इंग्रजीत ज्याला ‘फॅनडम’ म्हणतात त्याला या लेखात ‘रसिकसंघ’ म्हटले आहे. एखादी कादंबरी, चित्रपट किंवा दूरचित्रवाणीमालिका मनापासून आवडणाऱ्या लोकांचा परस्परसंवाद करणारा समूह, असा त्याचा अर्थ. हे रसिक मूळ कृतीतील पात्रे घेऊन नव्या कथा रचतात. आपल्या साहित्यशास्त्रात अशा मूळ कृतीसाठी ‘उपजीव्य’ ही संज्ञा तयारच आहे. रामायण-महाभारत ही उपजीव्य काव्ये, आणि त्यांच्या आधाराने रचलेली आख्याने व नाटके ही उपजीवक. रसिकसंघात उपजीव्य कृतीस ‘कॅनन’ म्हणतात. धर्मग्रंथांचा हा शब्द शेरलॉक होम्सच्या कथांना विनोदाने लावण्याची प्रथा रोनाल्ड नॉक्स यांच्या १९११ मधील निबंधापर्यंत मागे नेली जाते. अशा उपजीवक कथांचा आजचा एक सर्वांत मोठा संग्रह म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’. त्यात एक कोटीहून अधिक कृती आहेत. २०१९ साली डब्लिन येथील विज्ञानकथा-संमेलनात या संग्रहास ह्यूगो पारितोषिक मिळाले. ते त्यातील कोणत्याही एका कथेस नव्हते. संपूर्ण संग्रह हीच एक कृती मानून तो सन्मान झाला. तेव्हा त्या कृतीची समीक्षा करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

२

या संग्रहाचा जन्म २००७ सालच्या दोन घटनांतून झाला. त्या वर्षी ‘फॅनलिब’ नावाच्या एका व्यापारी संस्थेने रसिकांच्या कथा एकत्र करून त्यावर उत्पन्न मिळविण्याचा उद्योग आरंभिला. तो २००८ साली बंद पडला. त्याच सुमारास, मे २००७ मध्ये, ‘लाइव्हजर्नल’ या संस्थेने सुमारे ५०० रोजनिश्या एकाएकी स्थगित केल्या, आणि त्यांत रसिकसंघाच्या कित्येक होत्या. आपले लेखन ज्या जागेत आहे ती जागा आपली नाही, ही जाणीव या दोन घटनांनी तीव्र केली. यंत्रही आपले, नियमही आपले आणि कथाही आपल्या असाव्यात, हा विचार चर्चेत पुढे आला व सप्टेंबर २००७ मध्ये ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्स्फॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही विनानफा संस्था स्थापन झाली. कादंबरीकार नाओमी नोविक या तिच्या संस्थापकांपैकी एक होत. संग्रहाच्या नावात व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२९ मधील प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकाचा प्रतिध्वनी आहे. मात्र तेथील एकवचनी ‘स्वतःची’ येथे अनेकवचनी ‘आपणा सर्वांची’ झाली आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये हा संग्रह सर्वांसाठी खुला झाला.

यंत्र आपले असावे असे म्हणणे सोपे. ते बांधणार कोण? रसिकसंघात स्त्रियांची संख्या मोठी, आणि त्यांतील बहुतेकींनी पूर्वी आज्ञावली लिहिलेली नव्हती. रूबी आणि पायथन या दोन संगणकभाषांतून एक निवडावयाची होती, तेव्हा नवशिक्या स्वयंसेविकांना दोन्हींत थोडे लिहून पाहण्यास सांगितले गेले आणि त्यांना जी अधिक सुगम वाटली ती रूबी स्वीकारली गेली. भाषा निवडताना तज्ज्ञाच्या सोयीहून शिकणाऱ्याची सोय मोठी मानली गेली, ही गोष्ट भाषाशिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. किरिली रॉबर्ट यांनी २००९ साली ऑस्कॉन परिषदेत केलेल्या भाषणात या प्रकल्पाच्या सर्व आज्ञावलीकार स्त्रिया असल्याचे नमूद केले होते. आज्ञावलीच्या इतर मुक्त प्रकल्पांत तेव्हा स्त्रियांचे प्रमाण अगदी अल्प असे. केसी फीस्लर, शॅनन मॉरिसन आणि एमी ब्रुकमन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा विषयही हाच संग्रह आहे. रसिकसंघाची मूल्ये त्याच्या रचनेत कशी उतरली, याचे विवेचन त्यांनी केले आहे.

पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी एक मार्मिक दृष्टान्त दिला आहे. ज्याला घट हवा तो कुंभाराच्या घरी जातो आणि घट करून मागतो. परंतु ज्याला शब्द हवे तो वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून मागत नाही. या संग्रहाच्या बाबतीत दृष्टान्ताच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या आहेत. येथे घट घडविणारी आणि वापरणारी एकच आहे, आणि त्या घटात भरलेला पदार्थ म्हणजे शब्द.

३

आता मुख्य विषयाकडे वळू. संग्रहात कथा ठेवताना लेखिका तिला काही ‘टॅग’, म्हणजे खूणशब्द, लावते. कथा कोणत्या उपजीव्य कृतीवर आहे, तीत पात्रे कोणती, त्यांचे संबंध कोणते, आणि याखेरीज जे काही सांगावेसे वाटेल ते, असे हे खूणशब्द असतात. ग्रंथालयशास्त्राची जुनी रीत अशी की विषयशब्दांची यादी आधी ठरवावी आणि ग्रंथकाराने किंवा सूचीकाराने तीतूनच शब्द निवडावा. दुसरी रीत, जी संगणकाच्या प्रसाराबरोबर आली, ती अशी की ज्याला जो शब्द सुचेल तो त्याने लिहावा. पहिल्या रीतीत शिस्त आहे पण भाषेची गळचेपी आहे. दुसरीत मोकळीक आहे पण शोधणाऱ्याची फजिती आहे.

या संग्रहाने तिसरा मार्ग काढला. लेखिकेने जो शब्द लिहिला तो तिच्या कथेवर अक्षरशः तसाच राहतो. त्याचे लेखन कोणी दुरुस्त करीत नाही. परंतु पडद्याआड स्वयंसेवक त्या शब्दाचा संबंध एका प्रमाणशब्दाशी जोडतात. वाचकाने त्या गटातील कोणताही शब्द शोधला तरी सर्व पर्याय एकत्र हाती येतात. यापुढे प्रमाणशब्दांत सामान्य-विशेष असा क्रमही लावलेला असतो. अमरकोशाची पर्यायवर्गाची कल्पना आणि आधुनिक कोशकाराची वर्णनदृष्टी यांचा हा संयोग आहे.

हे काम करणाऱ्यांना ‘टॅग रँग्लर’ म्हणतात. मराठी वाचकास ‘रँग्लर’ हा शब्द परिचित आहे तो १८९९ साली केंब्रिजच्या गणितपरीक्षेत अग्रस्थान मिळविणाऱ्या रँग्लर परांजपे यांच्यामुळे. केंब्रिजच्या शब्दात वादविवाद करणारा हा मूळ अर्थ आहे. रसिकसंघाच्या शब्दात अमेरिकेच्या कुरणांवर गुरेघोडी वळविणाऱ्याचा. शब्दांना कळप मानून त्यांना हाकून आणणारे हे शेकडो लोक विनावेतन काम करतात. पण प्रत्यक्षात त्यांच्या कामात केंब्रिजचा अर्थही शिरतो, कारण दोन शब्द समानार्थी आहेत की नाहीत हा प्रश्न वादाशिवाय सुटत नाही.

रूढी ही योगाहून बलवत्तर, असे आपले जुने वैयाकरण मानीत. व्युत्पत्ती काहीही सांगो, लोक ज्या अर्थाने शब्द वापरतात तोच त्याचा अर्थ. या तत्त्वाचे इतके निष्ठापूर्वक आचरण करणारी शब्दव्यवस्था आमच्या पाहण्यात दुसरी नाही. लेखिकेचा शब्द न बदलण्याचा नियम हा केवळ सौजन्याचा नियम नव्हे. तो भाषावैज्ञानिक भूमिकेचा नियम आहे, आणि तो आज्ञावलीतच कोरलेला आहे.

या भूमिकेचे आणखी एक गमक सांगता येईल. काही गंभीर विषयांबाबत वाचकास आधी इशारा देण्याची सोय संग्रहात आहे. परंतु ‘लेखिकेने इशारा न देण्याचे ठरविले आहे’ असा एक स्वतंत्र पर्यायही आहे. काहीच न लिहिणे आणि काही न सांगण्याचे सांगून ठेवणे या दोन भिन्न उक्ती आहेत. मौनाची अशी नोंद ठेवणारी सूची विरळाच.

४

रसिकसंघाच्या शब्दव्यवस्थेत विरामचिन्हेही अर्थभेदक आहेत. दोन पात्रांच्या नावांमध्ये तिरपी रेघ असेल तर कथा त्यांच्या प्रणयाची. ‘आणि’ या अर्थाचे अँपरसँड हे चिन्ह असेल तर मैत्रीची किंवा नात्याची. नावे तीच, क्रम तोच. एका चिन्हाने कथेचा प्रकार पालटतो. तिरप्या रेघेची ही प्रथा १९७० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या रसिकांनी काढलेल्या हस्तमुद्रित नियतकालिकांतून आली, आणि रेघेचे इंग्रजी नाव ‘स्लॅश’ हेच पुढे एका कथाप्रकाराचे नाव झाले. चिन्हाचे नाव वाङ्मयप्रकारास मिळाल्याचे हे मोठे रोचक उदाहरण आहे. शिवाय हीच रेघ ‘हर्ट/कम्फर्ट’, म्हणजे एका पात्राची वेदना आणि दुसऱ्याने केलेले सांत्वन, या कथाप्रकाराच्या नावातही येते. तेथे तिचा प्रणयाशी संबंध नाही. एका चिन्हाच्या या दोन अर्थांतील भेद आज्ञावली प्रकरणावरून ओळखते : पात्रसंबंधाच्या रकान्यात रेघ आली की एक अर्थ, इतरत्र आली की दुसरा.

चिन्हाचे हे महत्त्व न ओळखल्यास काय होते हे २०११ साली दिसून आले. ‘डिलिशस’ ही खुणा साठविण्याची सेवा रसिकसंघात फार लोकप्रिय होती. नव्या मालकांनी सप्टेंबर २०११ मध्ये तिचे रूप बदलले, तेव्हा तिरपी रेघ असलेला शब्द शोधणे अशक्य झाले. अभियंत्यांच्या दृष्टीने ती एक क्षुल्लक खूण होती. रसिकसंघाच्या दृष्टीने त्याच्या व्याकरणातील एक प्रत्यय नष्ट झाला होता. तेव्हा ‘पिनबोर्ड’ या प्रतिस्पर्धी सेवेचे कर्ते मात्सेय त्सेग्लोव्स्की यांनी रसिकांना काय हवे ते विचारले. उत्तरादाखल अनेक अनोळखी व्यक्तींनी मिळून एक सविस्तर मसुदा लिहिला, त्याची प्रकरणे पाडली आणि परस्परांत चर्चा करून मागण्यांचा क्रमही लावला. ज्या समूहास उथळ मनोरंजनाचे चाहते म्हणून गणले जाते त्याने आपल्या भाषिक गरजांचे असे शास्त्रशुद्ध निवेदन करावे, ही गोष्ट बोलकी आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे एकमेकींच्या कथा तपासल्या, त्यांना मसुदा कसा तपासावा हे शिकवावे लागत नाही. कथा तपासणाऱ्या सखीसाठी त्यांच्याकडे ‘बीटा’ ही संज्ञा आहे, आणि तीही आज्ञावलीच्या चाचणीवरूनच घेतलेली आहे. साहित्य आणि संगणक यांतील देवघेव या संघात फार जुनी आहे.

ही देवघेव कथेच्या पोटातही शिरली आहे. कथेच्या मांडणीस स्वतः लिहिलेली रूपरचना जोडण्याची मुभा संग्रहात आहे. काही लेखिका तिच्या साहाय्याने पात्रांचा पत्रव्यवहार भ्रमणध्वनीवरील संदेशांच्या रूपात दाखवितात, आणि ती रचना कशी करावी याची पद्धत इतरांसाठी त्याच संग्रहात लिहून ठेवतात. येथे आज्ञावली हे निवेदनाचे एक साधन ठरते.

५

खूणशब्द हा कथेचा विषय सांगतो, असे आतापर्यंत गृहीत धरले. वस्तुतः तो बऱ्याच वेळा विषय सांगतच नाही. तो वाचकाशी बोलतो. कथा मध्यरात्री लिहिली, परीक्षा तोंडावर असताना लिहिली, मैत्रिणीच्या आग्रहास्तव लिहिली, अशी निवेदने खूणशब्दांच्या ओळीत सर्रास आढळतात. कथा कोणी तपासलेली नाही हे सांगण्यासाठी ‘बीटा नाही, वीरासारखे मरू’ अशा आशयाचा एक साचा रूढ आहे, आणि ‘वीरा’च्या जागी प्रत्येक रसिकसंघ आपल्या उपजीव्य कृतीतील एखाद्या दिवंगत पात्राचे नाव घालतो. साच्यातील एक जागा मोकळी ठेवून बाकीचे शब्द गोठविण्याची ही क्रिया म्हणींच्या उत्पत्तीसारखीच आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर अशा खूणशब्दात वर्णनाहून कृती अधिक असते : क्षमायाचना, थट्टा, जवळीक.

सूची आणि संवाद ही दोन कार्ये एकाच शब्दावर लादल्यामुळे यंत्रणेवर ताण येतो. २०२१ साली एका चिनी उपजीव्य कृतीवरील एका कथेस हजाराहून अधिक खूणशब्द लावले गेले. वाचकास त्या कथेची नोंद ओलांडून पुढे जाणे कठीण झाले, आणि बरीच चर्चा होऊन एका कथेस ७५ खूणशब्दांची मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा आम्हांस योग्य वाटते. संवादाचा हक्क एकीला आहे तसा तो इतरांनाही आहे, आणि बोलणारीने श्रोत्याची वाट अडवू नये हा संभाषणाचा जुनाच संकेत आहे. परंतु मर्यादा संख्येवर घातली गेली, शब्दांच्या स्वरूपावर नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. ‘सूचीस उपयोगी नाही म्हणून हा शब्द अग्राह्य’ असे म्हणण्याचा मोह संग्रहाने टाळला.

वाचकाच्या बाजूने पाहता मात्र संवाद थोडा आखडला आहे असे म्हणावे लागते. कथेखाली ‘क्यूडोस’ या नावाची एक कळ आहे. ती दाबली की आवड व्यक्त होते, शब्द लिहावा लागत नाही, आणि एका वाचकास एका कथेवर ती एकदाच दाबता येते. मालिनोव्स्की यांनी १९२३ साली ज्या संपर्कमात्र भाषणाचे वर्णन केले त्याचे हे अंतिम रूप होय : केवळ ‘आलो होतो’ एवढेच सांगणारी खूण. लाजऱ्या वाचकाची तिने सोय केली हे खरे. पण सोपी खूण उपलब्ध झाली की कठीण वाक्य लिहिण्याची प्रेरणा मंदावते, हेही खरे.

६

आता या व्यवस्थेच्या मुख्य वैगुण्याचा विचार केला पाहिजे. लेखिकेचा शब्द अबाधित राहतो. पण त्यामागचा प्रमाणशब्द कोणत्या भाषेतला? उपजीव्य कृतीच्या नावाबाबत संग्रह उदार आहे. जपानी किंवा चिनी कृतीचे नाव मूळ लिपीत देऊन त्यापुढे रोमन रूप दिलेले असते. परंतु पात्रांची नावे, संबंध आणि इतर खूणशब्द यांची प्रमाणरूपे रोमन लिपीत आणि इंग्रजीत असतात. अन्य भाषेतील शब्द त्यांचे पर्याय म्हणून जोडले जातात. म्हणजे बोली अनेक, पण प्रमाण एकच.

यातून होणारी हानी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जपानी रसिकसंघात दोन नावांमध्ये गुणाकाराचे चिन्ह घालतात आणि नावांचा क्रम अर्थभेदक असतो. पुढाकार घेणारे पात्र आधी लिहिले जाते, म्हणून क्रम उलटला की कथा वेगळी होते. या संग्रहात नावांचा क्रम कुलनामाच्या वर्णानुक्रमाने ठरतो आणि दोन्ही क्रम एकाच प्रमाणशब्दाखाली येतात. मूळ समूहाच्या व्याकरणात जो भेद सार्थ आहे तो येथे पुसला जातो. मराठी लिपीत ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, हे उच्चाराने भिन्न असलेले दोन शब्द एकाच अक्षरांनी लिहिले जातात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की मराठी बोलणाऱ्यास तो भेद ऐकू येतो. येथे जी व्यक्ती भेद पुसते तिला तो ऐकू येत असेलच असे नाही.

शब्दार्थाचेही तसेच. ‘आंग्स्ट’ हा शब्द जर्मनमध्ये भीतीचा वाचक आहे. रसिकसंघाच्या इंग्रजीत तो पात्राच्या मानसिक क्लेशाचा. एकाच वर्णावलीचे दोन भाषांतले शब्द पर्याय मानले की अर्थ घसरतो. संग्रहाच्या भाषासूचीत मराठीचेही नाव आहे, जरी मराठी कृतींची संख्या अत्यल्प आहे. उद्या एखाद्या मराठी लेखिकेने आपल्या कथेस ‘विरह’ असा खूणशब्द लावला, तर तो कोणत्या इंग्रजी शब्दाचा पर्याय ठरवावा? वियोग सांगणारा शब्द निवडला तर उत्कंठा सुटते. झुरणी सांगणारा निवडला तर वियोगाची वस्तुस्थिती सुटते. आणि विरह हा शृंगाराचाच एक भेद आहे हा संस्कार तर दोन्हींत येत नाही. ‘विरह’ हाच स्वतंत्र प्रमाणशब्द करणे हे खरे उत्तर होय. तंत्रदृष्ट्या त्यास अडचण नाही. आज्ञावलीला लिपीचा विधिनिषेध नाही. अडचण आहे ती धोरणाची आणि मनुष्यबळाची.

दुसरे वैगुण्य सूक्ष्म आहे. लेखिका खूणशब्द लिहू लागताच यंत्र प्रमाणशब्द सुचविते, आणि सुचविलेला शब्द घेणे सोपे असते. अशा रीतीने वर्णन म्हणून निघालेला कोश हळूहळू विधान करू लागतो. सक्तीशिवाय पसरणारे प्रमाण हे सक्तीने लादलेल्या प्रमाणाहून अधिक टिकाऊ असते. त्याला विरोध करावा असे कोणास वाटतच नाही. मराठीच्या प्रमाणीकरणाचा इतिहास ज्यांनी अभ्यासिला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

७

या संग्रहाच्या शब्दव्यवस्थेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. ग्रंथालयशास्त्राच्या परंपरेत वाढलेल्यांना हा पसारा वाटतो. रसिकांना तो सर्व प्रश्नांचा निकाल वाटतो. आमच्या मते दोन्ही मते अग्राह्य आहेत. पसारा म्हणणारे विसरतात की कोट्यवधी शब्द बोलणाऱ्यांच्या इच्छेप्रमाणे जसेच्या तसे ठेवून, शिवाय ते शोधता येतील अशी व्यवस्था हौशी लोकांनी लावून दाखविली आहे, आणि हे काम मोठमोठ्या व्यापारी संस्थांना साधलेले नाही. निकाल म्हणणारे विसरतात की पर्याय ठरविणे हा अधिकाराचा वापर आहे, आणि तो अधिकार आज एका भाषेकडे आहे.

मराठीत बोलींची, लोकगीतांची आणि हस्तलिखितांची संगणकीय सूची करण्याचे प्रयत्न वाढत जाणार आहेत. त्या वेळी ‘भाकर’ व ‘भाकरी’, ‘व्हता’ व ‘होता’ यांपैकी कोणते रूप नोंदवावे हा प्रश्न येईलच, आणि प्रमाणरूप नोंदवून बोलीरूप गाळण्याची सवय आपल्याला पुष्कळ आहे. दोन्ही ठेवता येतात, आणि त्यांतील नाते स्वतंत्रपणे नोंदवता येते, हे या रसिकसंघाने सिद्ध केले आहे. त्यांच्याकडून हा गुण घ्यावा. त्याबरोबर त्यांचा दोषही डोळ्यांपुढे ठेवून, प्रमाणाच्या आसनावर कोणते रूप बसवावयाचे हा निर्णय ते रूप बोलणाऱ्यांना विचारल्यावाचून घेऊ नये.